आपोआप भावी सरपंच

तेलगावात रविराजच्या फ्लेक्सच्या दुकानात गर्दी वाढली, तसा त्याने बॅनर जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला. अर्धवट सोडलेला कॉम्प्युटरचा कोर्स कुठेतरी वापरायलाच हवा होता. प्रोग्रॅममध्ये नवा माणूस तयार झाला रे झाला, की कन्स्ट्रक्टर नावाचा कोडचा तुकडा त्याला नाव, फोटो आणि पद चिकटवायचा. गिऱ्हाइकाने पद सांगितलंच नाही तर? बहुतेकजण 'भावी सरपंच'च लिहून घ्यायचे, म्हणून रविराजने तेच आपोआप पडेल असं करून ठेवलं.

झालं. बारशाच्या फ्लेक्सवर पाळण्यातली सायली भावी सरपंच झाली. मग बिभीषणचा विकाऊ बैल झाला. कैलासवासी हरिबाही झाले, आणि त्यांच्या घरच्यांनी तर पेढे पाठवले.

शहादेवला मात्र हे सोसवेना. गेल्या तीन निवडणुका तो मनापासून भावी होता आणि यंदा तरी तो शब्द नावापुढून गळावा, एवढीच त्याची इच्छा होती. अशात चौकात त्याच्या बायकोच्या पापड उद्योगाचा फ्लेक्स लागला. 'सौ. वनिता, भावी सरपंच.' तो तडक दुकानात आला.

"माझ्याच घरातून मला कोण पाडायलंय बे?"

"भाऊ, माझं काय न्हाई. कन्स्ट्रक्टरची चूक हाय."

"कुठला कंत्राटदार? रस्त्याचा का नालीचा?"

रविराजने समजावून पाहिलं, मग हात टेकले आणि कोड बदलला. आता पद दिल्याशिवाय प्रोग्रॅम माणूस तयारच करेना. वनिताचा फ्लेक्स शहादेवने स्वतः खाली उतरवला.

पुढच्याच आठवड्यात सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. शहादेव धावत घरी गेला, तर त्या फ्लेक्सवर वनिताने पापड वाळत घातले होते. ते वाळल्यावरच तिने फ्लेक्स दिला. तो परत चौकात लागला आणि वनिता चांगली दणक्यात निवडून आली.

विजयाच्या फ्लेक्ससाठी दोघं दुकानात आले. वनिताच्या नावाखाली 'सरपंच' पडलं. शेजारी शहादेवचा फोटो लावायला गेलं, तर प्रोग्रॅम अडून बसला.

"वहिनी, भाऊंचं पद काय टाकू?"

शहादेव मोठ्या आशेने बायकोकडे बघू लागला. वनिताने थोडा विचार केला.

"मला आता पंचायतीत बसावं लागंल. धंद्याकडं बघायला कुणीच न्हाई," ती म्हणाली. "ह्यांना 'भावी पापडवाले' टाका."