पेपरमिंटच्या पोटातला रंग

अक्कांचा चष्मा फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यावर बसलेला सापडला आणि मुलाने तडक डॉक्टरांची वेळ घेतली.

“अरे, डब्यावरची तारीख वाचत होते. जवळचं मला चष्मा काढूनच दिसतं,” अक्का म्हणाल्या. “तेवढ्यात दूध वर आलं. आधी दूध सांभाळू की चष्मा?”

“आज चष्मा, उद्या गॅस उघडा राहील. डॉक्टर म्हणाले की तू विसरायला लागलीयेस, तर हे घर बंद. आमच्याकडे राहायला यायचं.”

मुलगा वाईट नव्हता, सूनही लाखात एक होती. पण त्यांच्याकडचा चहा बिनसाखरेचा, बिनदुधाचा आणि जवळजवळ बिनचहाचा असे. इथे दोनच खोल्या होत्या, पण राज्य आपलं होतं. दुपारी पाय ताणून पडावं, नको असेल तर दार उघडू नये.

दवाखान्यात बरोबर बाळ्याही आला. बाळ्या म्हणजे अक्कांचा धाकटा भाऊ. वय बहात्तर, डोक्यावर केस औषधालाही नाही, पण नाव बाळ्याच राहिलं. कुणाच्याही तपासणीला जायची त्याला दांडगी हौस.

डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. अक्का इतक्या भराभर उतरत गेल्या की डॉक्टरच मध्ये अडखळले. मुलाचा चेहरा पडला. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, “आता लहानपणीची एखादी छान आठवण सांगा. मग सुटलात.”

अक्का खुर्चीत सैल झाल्या. “आमचे वडील पगाराच्या दिवशी चॉकलेट-पेपरमिंटच्या गोळ्या आणायचे. तिघा भावंडांना एकेक. चपटी, कोटाच्या बटणाएवढी. दात रोवला की आधी चॉकलेट विरघळायचं, मग नाकात असं गार वारं शिरायचं की डोळे आपोआप मिटायचे. आणि आत कशी, हिरवीगार!”

“पांढरी,” बाळ्या म्हणाला.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

“हिरवी होती, बाळ्या. तुला तेव्हा शेंबूड पुसायची अक्कल नव्हती.”

“शेंबूड होता, पण डोळेही होते की! पांढरीशुभ्र होती.”

“बघा डॉक्टर,” मुलगा हळूच म्हणाला, “हे असं चालतं.”

“ठकूला विचारा!” अक्का गरजल्या. ठकू ही मधली बहीण. तिला फोन लावला, तर ती पलीकडून ओरडली, “हिरवी? पांढरी? तुम्हा दोघांचीही डोकी तपासायला हवीत. गुलाबी होती! थांबा, मी येतेच.” ती दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहायची. फोन खाली ठेवेपर्यंत हातातल्या झाऱ्यासकट दारात हजर झाली.

डॉक्टरांनी कपाळ पुसलं. “मी लिहू काय? खरं सांगायचं तर मला तो प्रकारच आवडत नाही. चॉकलेटमध्ये पेपरमिंट म्हणजे दात घासता घासता केक खाल्ल्यासारखं.”

इतका वेळ एकमेकांच्या जिवावर उठलेली तिन्ही भावंडं एका क्षणात एक झाली.

“तुम्हाला डॉक्टर केलं कुणी?” ठकूने झारा रोखला.

आवाज ऐकून बाहेर बसलेले पेशंट दारात जमले. दाढ सुजलेले एक गृहस्थ गाल धरून म्हणाले, “चॉकलेट तापट, पेपरमिंट थंड. असा जोडा जमला तरच संसार होतो. आमचा नाही जमला.” खोकणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “छे! ती गोळी आतून पोकळच असायची,” आणि त्यांना उबळ आली. मग दारातच दोन तट पडले. रंगवाले एकीकडे, पोकळवाले दुसरीकडे. आत जायचा नंबर कुणाचा, हे सगळेच विसरले.

शेवटी मुलगा वैतागून दुकानात गेला आणि चॉकलेट-पेपरमिंटचं पाकीट घेऊन आला. “फोडा आणि मिटवा एकदाचं!”

डॉक्टरांनी हातमोजे चढवले, सुरी घेतली आणि एका गोळीची शस्त्रक्रिया केली. आत पांढरं होतं. बाळ्या वजनकाट्यावर चढून नाचला. ठकूने “हल्ली भेसळ फार” म्हणून एक गोळी तोंडात टाकली. दाढवाल्या गृहस्थांनी दुसऱ्या गालात एक सरकवली, खोकणाऱ्या बाईंनी खोकल्यावर उतारा म्हणून दोन उचलल्या. पाकीट हातोहात रिकामं होत आलं.

अक्का मात्र चिरलेली गोळी उलटसुलट करून बघत होत्या. मुलगा त्यांच्याजवळ बसला. “आई, मनाला लावून घेऊ नकोस. वयच आहे. रविवारी टेम्पो सांगू का सामानाला?”

पाकिटाच्या तळाशी एक गोळी उरली होती. अक्कांनी ती घेतली. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, “अर्धी मला द्याल? म्हणजे, तपासणीसाठी.”

“उष्टी कशी देऊ? चिमणीच्या दातांनी तोडून देते,” अक्का म्हणाल्या आणि तपासणीच्या टेबलाभोवतीच्या नव्याकोऱ्या हिरव्या पडद्याचं टोक ओढून त्यात गोळी गुंडाळली.

“अहो, पडदा!”

कडक् असा आवाज झाला. अक्कांनी घडी उलगडली. ओला झालेला पडदा रंग सोडत होता. गोळीचे दोन तुकडे झाले होते आणि दोन्ही आतून हिरवेगार होते. अक्कांचे ओठसुद्धा.

“अक्का,” ठकू पुटपुटली, “तुझा हिरवा फ्रॉक!”

“आणि तुझा गुलाबी!” अक्का ताडकन उठल्या. “आई म्हणायची, अर्धी आज खा, अर्धी उद्या. उद्याची उष्टी नको म्हणून आपण फ्रॉकच्या टोकात धरून तोडायचो. कापड असं स्वस्तातलं, की अंघोळीचं पाणीसुद्धा रंगायचं!”

“मग तुम्ही एकमेकांच्या गोळ्या कधी बघितल्या नाहीत?” डॉक्टरांनी विचारलं.

“बघणार कशा? कुणाची मोठी, कुणाची छोटी, यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मग आई तिघांना तीन भिंतींकडे तोंड करून बसवायची.”

“माझा सदरा पांढरा होता,” बाळ्या पडेल आवाजात म्हणाला.

“तुझा सदरा कधीच पांढरा नव्हता,” ठकू म्हणाली. “रंग जायचा नाही, एवढंच.”

डॉक्टरांनी आपला हिरवा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मुलाला सांगितलं, “तुमच्या आईंची आठवण माझ्यापेक्षा पक्की आहे. त्या एकट्या खुशाल राहू शकतात.”

अक्का त्या संध्याकाळी आपल्या घरी पाय ताणून पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. बाळ्या होता. लहानपणी पाळणा कुणी मोडला, याचा निकाल त्याला हवा होता. पाठोपाठ ठकू आली, आईने मोत्याची माळ नक्की कुणाला देऊ केली होती, ते विचारायला. दुपारी मुलगा आणि सून आले. लग्न ठरताना भांडी कोण घासणार असं ठरलं होतं, हे म्हणे अक्कांनाच आठवत असणार. दाढवाले गृहस्थ तर बायकोलाच घेऊन आले. त्यांच्या लग्नाला अक्का गेल्याही नव्हत्या. “तरी पण तुम्ही सांगाल तेच खरं,” ते म्हणाले आणि चहाला थांबले. जिन्यात रांग लागायला लागली. ज्याच्याविरुद्ध निकाल जाई, तो दुसऱ्या दिवशी नवीन आठवण घेऊन परत येई.

आठवडाभराने अक्का एकट्याच दवाखान्यात गेल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

“काय होतंय, अक्का?”

“सगळं आठवतंय, हेच होतंय. डॉक्टर, तुम्ही जरा सगळ्यांना सांगा, म्हणावं अक्का हल्ली थोडं विसरायला लागल्यात.”

“अहो, मग तुमचा मुलगा घर बंद करेल!”

“घर बंद होईल इतकं नको,” त्या म्हणाल्या. “दार बंद ठेवता येईल इतकंच सांगा.”