अर्जदार क्रमांक सत्तेचाळीस

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बाईंकडे एक प्रस्ताव परीक्षणासाठी आला. यात विशेष काही नव्हतं. 'अग्रगण्य संशोधक अधिछात्रवृत्ती' जनतेच्या पैशातून दिली जाते. त्यामुळे ती योग्य माणसालाच मिळावी याची काळजी घ्यावी लागते, आणि ती काळजी संबंधित विभाग दरवर्षी एकोणीस टप्प्यांत घेतो. परीक्षण हा सातवा टप्पा. अर्जदाराचं नाव, वय, संस्था, सगळं झाकलेलं असतं. उघडा असतो तो फक्त क्रमांक. हा क्रमांक सत्तेचाळीस होता.

बाईंनी चष्मा लावला, पहिलं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून पुसला. दुसरं वाक्य त्यांना पाठ होतं. प्रस्ताव त्यांचाच होता.

ओळखायला कठीण नव्हतं. पाण्याच्या नळात आतून जो बुळबुळीत थर धरतो, तो कसा वाढतो आणि त्यात रोगजंतू किती वर्षं दडून राहू शकतात, यावर देशात एकच व्यक्ती काम करत होती. संस्थेच्या तळमजल्यावरच्या थंड खोलीत बाईंनी नळाचे बारा तुकडे अकरा वर्षं ठिबकत्या पाण्यावर ठेवले होते. पाणी दोन दिवस थांबलं तर थर वाळून मरतो, म्हणून अकरा वर्षांत ते कधी थांबलं नव्हतं. आता संस्थेने लेखी कळवलं होतं की अधिछात्रवृत्ती मिळाली तर खोली बाईंकडे राहील. अन्यथा एक तारखेपासून तिथली प्रयोगशाळा हलवून, पाहुण्यांना दाखवण्यासाठी आदर्श प्रयोगशाळा उभारण्यात येईल.

बाईंनी विभागाच्या कक्ष अधिकाऱ्यांना फोन लावला.

"साहेब, सत्तेचाळीस क्रमांकाचा प्रस्ताव माझा आहे. तो चुकून मलाच आलाय."

"असं कसं म्हणता मॅडम? नाव झाकलेलं आहे ना?"

"नाव झाकलंय. पण लिहिलाय मी."

"नाव झाकलेलं असताना अर्जदार कोण, हे परीक्षकाला कळू शकत नाही. नियम बारा."

"पण मला कळलंय."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "मग गुप्ततेचा भंग झाला. तशी नोंद घेऊ का? भंग झाला की अर्ज बाद होतो. अर्जदाराचा."

"म्हणजे माझाच."

"ते आम्हाला माहीत नसतं मॅडम. नाव झाकलेलं असतं."

"मग दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवा."

"त्या विषयाच्या तज्ज्ञांच्या यादीत एकच नाव आहे. तुमचं. आणि परीक्षण आलं नाही तर अर्ज आपोआप निकालात निघतो. शुक्रवारी पाचपर्यंत मुदत." मग अधिकाऱ्यांनी आवाज जरा खाली आणला. "एक सांगू का मॅडम? आपला परीक्षक कोण, हे कळावं म्हणून लोक वर्षवर्ष चपला झिजवतात. तुम्हाला बसल्या जागी कळलं, आणि तुम्ही तक्रार करताय."

परीक्षणाच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: अर्जदार खालीलपैकी आपले कोणी लागतात काय? आई, वडील, पती, पत्नी, अपत्य, भावंड, गुरू, शिष्य, सहकारी, प्रतिस्पर्धी. बाईंनी यादी दोनदा वाचली. यादीप्रमाणे त्या स्वतःच्या कोणीच लागत नव्हत्या. 'प्रतिस्पर्धी'पाशी त्या थोडा वेळ अडल्या, मग त्यांनी 'नाही'वर खूण केली.

प्रयोगशाळेतल्या मामांना या सगळ्याचं नवल वाटलं. मामा हे तिथले परिचर. रोज सकाळ-संध्याकाळ बारा नळांचे थेंब मोजायचे, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. मुलीच्या लग्नाची रजासुद्धा त्यांनी थेंबांची सोय बघून घेतली होती.

"बाई, ह्यात विचार कसला करायचा? दहापैकी दहा द्या आणि मोकळ्या व्हा."

"मामा, दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव असता तर मी किती दिले असते?"

"दुसऱ्याचा असता तर खोलीही दुसऱ्याचीच गेली असती," मामा म्हणाले आणि थेंब मोजायला गेले.

घरी सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "वाढणं आपल्याच हातात असताना पानावरून उपाशी उठणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या, आणि मुलाकडे अशा नजरेने बघितलं की जणू ही निवड त्याची होती. ती होतीच.

शुक्रवारी दुपारी बाई फॉर्म उघडून बसल्या. इतर कोणत्याही परीक्षकाला जे दिसलं नसतं, ते त्यांना दिसत होतं. दुसऱ्या वर्षी एकदा वीज गेली होती, तेव्हा चौथा आणि नववा नळ तापले होते. त्यांचे आकडे भरवशाचे नव्हते, आणि प्रस्तावात ही गोष्ट तळटीपेत, बारीक अक्षरांत, सभ्यपणे पुरलेली होती. शिवाय प्रस्तावात निष्कर्षांसाठी छत्तीस महिन्यांचं आश्वासन होतं, कारण अर्जाच्या तक्त्यात छत्तीसच चौकोन होते. थराला चौकोनांची कल्पना नव्हती. दुसऱ्या कुणाचंही असतं तर या दोन गोष्टींचे दोन गुण बाईंनी डोळे मिटून कापले असते.

नऊ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर अर्ज सरळ मंजुरीला जाई. कमी मिळाले तर अर्जदाराकडून खुलासा मागवला जाई. गुणांच्या रिकाम्या चौकोनाकडे बाई चाळीस मिनिटं बघत बसल्या. खालून ठिबकण्याचा आवाज येत नव्हता; तळमजला फार लांब होता. चार वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी आठ लिहिले.

सोमवारी अर्जदार क्रमांक सत्तेचाळीस यांना परीक्षकांचे आक्षेप आले. बाईंनी ते मन लावून वाचले. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपला प्रस्ताव शेवटपर्यंत वाचणारा परीक्षक त्यांना पहिल्यांदाच लाभला होता. त्यांनी खुलाशात लिहिलं: 'परीक्षकांचे दोन्ही आक्षेप योग्य आहेत. चौथा व नववा नळ वगळण्यात येईल. वेळ मात्र थराला लागेल तेवढा लागेल.'

समितीत खळबळ माजली. विभागाच्या तेवीस वर्षांच्या इतिहासात एकाही अर्जदाराने परीक्षकाचं म्हणणं मान्य केलं नव्हतं. दोघांत संगनमत असल्याशिवाय हे शक्य नाही, यावर सर्व सदस्यांचं एकमत झालं आणि चौकशी लागली. अर्जदाराला अकरा वाजता बोलावण्यात आलं, परीक्षकाला बारा वाजता. दोघांची गाठ पडू नये याची जबाबदारी कक्ष अधिकाऱ्यांवर होती. त्यांनी अकराची मुलाखत संपल्यावर बाईंना पुढच्या दाराने बाहेर सोडलं, इमारतीला वळसा घालायला लावला आणि मागच्या दाराने आत घेतलं.

"परीक्षकाला तुम्ही ओळखता?" अध्यक्षांनी अकरा वाजता विचारलं होतं.

"हो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

अध्यक्षांनी ते ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं. बारा वाजता त्यांनी समोर बसलेल्या बाईंकडे जरा निरखून पाहिलं. पण पुढ्यातल्या कागदावर 'परीक्षक' असं छापलेलं होतं, तेव्हा त्यांनी शंका आवरली.

"अर्जदाराविषयी तुमच्या मनात काही आकस?"

"पूर्वी नव्हता," बाई म्हणाल्या. "आता वाटायला लागलंय, असावा."

निकाल दहा दिवसांनी लागला. परीक्षकावर प्रभाव टाकल्याबद्दल अर्जदाराचा अर्ज फेटाळण्यात आला. प्रभाव पडूनही फक्त आठ गुण दिल्याबद्दल परीक्षकाला निःस्पृहतेचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि पाच वर्षांसाठी कायम यादीत स्थान मिळालं. दोन्ही पत्रं एकाच पत्त्यावर, एकाच पाकिटातून आली. टपालखर्चात काटकसर करण्याचं धोरण होतं.

अधिछात्रवृत्ती समोरच्या खोलीतल्या सरांना मिळाली. सर मनाने चांगले होते. ते स्वतःहून बाईंकडे आले.

"तुम्हाला म्हणून सांगतो, मलाही माझाच आला होता. माझ्या विषयातसुद्धा मी एकटाच ना."

"मग किती दिलेत?"

"साडेनऊ." सरांनी दाराकडे बघून घेतलं. "दहा डोळ्यांवर आले असते. अर्धा कापला. लिहिलं, अर्जदाराला स्वतःचं श्रेय घ्यायला संकोच वाटतो, हा दोष आहे."

"खुलासा मागितला नाही?"

"साडेनऊला कशाला मागतात? मागितला असता तरी मी कडाडून विरोध केला असता. परीक्षकाला सरळ सांगितलं असतं, की माझ्याविषयी असं बोलायचं काम नाही."

एक तारखेला संस्थेची माणसं आदर्श प्रयोगशाळेचं सामान घेऊन तळमजल्यावर आली आणि दाराबाहेर थांबली. मामा आत तोट्यांपाशी उभे होते. त्यांनी त्या दिवशीचे थेंब मोजून वहीत लिहिलेले होते.

"कुठल्या नळापासून बंद करू, बाई?"

"चौथ्यापासून," बाई म्हणाल्या.

ही हकीगत पुढे बऱ्याच लोकांच्या कानावर गेली. ज्याने ऐकली तो हळहळला. सगळी व्यवस्था सडलेली आहे, जनतेच्या पैशाची नासाडी चालली आहे, खऱ्या माणसाला इथे किंमत नाही, असं जो तो म्हणाला. आणि त्याच दमात प्रत्येकाने हेही सांगितलं, की बाईंनी स्वतःला दहा द्यायला हवे होते.

तुम्ही तसं मोठ्याने म्हणणार नाही. पण शुक्रवारी दुपारी बाई त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसल्या होत्या, तेव्हा तुम्हीही मनातल्या मनात त्यात एक आकडा लिहिलाच असेल. तो आठ नव्हता. असू दे. तुमचं नाव झाकलेलं आहे.