निवडलेले दाविदकाका

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दाविदकाका साळवे कुणालाही आशीर्वाद देत नाहीत. माझी मुलगी बारावीच्या परीक्षेआधी त्यांच्या पाया पडायला गेली, तर पाय मागे घेऊन म्हणाले, "माझ्या हातात काही नाही, बाळ. निवड जग व्हायच्या आधीच झालीय." पोरगी पेपरला रडत गेली.

काका कारखान्यात तपासणी खात्यात होते. माल पास किंवा रिजेक्ट, मधलं काही नाही. देवाचंही तसंच, हे त्यांचं ठाम मत. कुणाला तारायचं ते त्यानं आधीच ठरवलंय, आणि आपण त्यात आहोत याबद्दल काकांना तिळमात्र शंका नव्हती. "आणि माझं काय?" मी एकदा विचारलं. माझ्याकडे नीट निरखून म्हणाले, "चेहऱ्यावरून कळत नाही, कदम. पण फार आशा धरू नका."

वाघोलीतल्या त्यांच्या चर्चचे तरुण पाळक मात्र ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं सांगायचे. उपासना संपली की काका त्यांना दारातच गाठत. "सर्वांसाठी? मग जे नरकात जातात, त्यांच्या बाबतीत देवाचा प्रयत्न फसला म्हणायचा का?" पाळक हसून चहा पुढे करत. "हा तरी सर्वांसाठी आहे ना?" असं विचारून काका तो घेत.

या उन्हाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा, जोएल, गेला. दारूनं लिव्हर संपवलं. चर्च त्यानं कधीच सोडलं होतं. शेवटी शेवटी काका उशाशी बायबल वाचायला बसले, की तो भिंतीकडे तोंड करायचा. दफनाला आम्हीही गेलो होतो. पाळक म्हणाले, "जोएल प्रभूजवळ आहे." सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका चष्मा पुसत राहिले.

परवा ते खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून एकटेच बसले होते. मी शेजारी बसलो आणि धीर द्यावा म्हणून म्हणालो, "पाळक म्हणाले ते खरं असेल, काका."

"पाळक चांगला मुलगा आहे. पण त्याला काय माहीत?" मग म्हणाले, "मी देवाला रोज एकच मागतोय. माझी आतली जागा जोएलला दे. मी बाहेर राहतो."

"असं करता येतं?"

"नाही. ठरलेलं बदलत नाही. आयुष्यभर मीच सांगत आलोय सगळ्यांना."

मी त्यांचा हात धरला.

"बदलत नसेल," काका म्हणाले, "तर मलाही त्याच्याकडेच पाठव म्हणतोय. त्याला एकट्याला राहता येत नाही हो."