लिंबाजी कंडक्टरचा फळा

लिंबाजीआण्णांनी सकाळी मोबाईलवर काय वाचलं, ते आठच्या आत आमच्या अख्ख्या गावाला कळतं. कारण आण्णा वाचतात आणि उठून घराबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहितात. काय वाचलं ते एका ओळीत. मग 'मत', तेही एका ओळीत. आणि शेवटी तिकीट.

तिकिटाचं असं, की आण्णांनी सगळी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढली. लेख आवडला की खाली लिहितात 'फुल तिकीट'. बरा वाटला तर 'हाफ'. थापा वाटल्या तर 'विदाउट, खाली उतरा'. फळा शाळेनं भंगारात काढला होता. तो आण्णांनी आणला, काळा रंग मारला आणि गल्लीच्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीला लागून ठोकला. मोबाईल पुण्याच्या लेकाचा जुना. त्याची काच तडकलेली आहे, पण आण्णांचं त्यावाचून अडत नाही.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अलीकडं. माझं खताचं दुकान आण्णांच्या बरोबर समोर, आणि वरती घर. म्हणजे दात घासायला गॅलरीत आलो की पहिलं दर्शन फळ्याचं. नको म्हटलं तरी वाचावंच लागतं.

एके दिवशी लिहिलं होतं, 'समुद्राच्या तळाला आंधळा मासा सापडला. मत : त्याला तितंच राहू द्या, वर काय बघायचंय? हाफ.' दुसऱ्या दिवशी, 'माणसानं रोज दहा हजार पावलं चालावं. मत : मी जलमभर गाडीत चाललो, ते कुणी मोजलं? विदाउट.' मग एकदा, 'बाजरी ज्वारीपेक्षा ताकदीची. मत : ज्वारी खाणाऱ्यांकडं बघितलं की पटतं. फुल तिकीट.' आता बोला! आमचं निम्मं गाव ज्वारीची भाकरी खाऊन रानात जातं. त्या दिवशी गल्लीत जो गोंगाट झाला, तसा निवडणुकीतही होत नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. माणूस वाचतो ते शेवटपर्यंत. कुणी पोरगं मोबाईल पुढं करून म्हणालं, "आण्णा, हे बघा काय आलंय," की आण्णा पहिलं विचारणार, "शेवटपर्यंत वाचलंस का?" पोरगं डोकं खाजवणार. मग आण्णा सुटतात. "न्हाई ना? मग पुढं कावून धाडतोस? पाटी न बघता गाडीत बसतोस का बे?"

मी त्यांना एकदा म्हटलं, "आण्णा, हे सगळं व्हाट्सअपच्या स्टेटसला टाका की. खडूचा धुराळा कशाला?"

"स्टेटसवर माणसं अंगठा दावतात," आण्णा म्हणाले, "अन गप बसतात." हे बोलताना तोंड असं केलं, जणू अंगठा दाखवणं हा गुन्हा आहे.

गप्प बसणं आमच्या गल्लीला परवडणारं नव्हतंच. ख्वाजाभाई फळांचा गाडा घेऊन निघाले आणि फळ्यावर 'केळं रात्री खाऊ नये. मत : दिवसा तरी कावून खावं?' असं दिसलं. गाडा जागेवर थांबला. "आण्णा, मेरे धंदे पे कायकू उठे तुम?" म्हणून ख्वाजाभाईंनी जो सूर लावला, तो दूध घालणारे, शेताला निघालेल्या बाया, शाळेचे गुरुजी असे सगळे गोळा होईपर्यंत. आण्णा दारात हाताची घडी घालून उभे. फार तर मधूनच म्हणणार, "हां, तुमचं काय? बोला, मोठ्यानं बोला." भांडण थंड व्हायला लागलं की स्वतःच एखादी काडी टाकणार. आणि या गर्दीत माझी मोटरसायकल काही केल्या निघणार नाही.

तरी मी सोसलं. पण परवा फळ्यावर आलं, 'लई युरिया टाकला की माती मरती. मत : खुनी समोरच राहतो. फुल तिकीट.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडत बसणं माझ्या स्वभावात नाही. मी तरातरा सरपंचाकडं गेलो. म्हटलं, भाऊ, रस्ता अडतो, धंदा बसतो, त्या फळ्याचं काहीतरी करा.

सरपंच रामकिसनभाऊंनी तोडगाही झकास काढला. फळा गल्लीतून काढायचा आणि स्टँडवर, पत्र्याच्या शेडखाली लावायचा. येणारी-जाणारी चार गावची माणसं वाचतील, आण्णांचाही मान राहील. मला वाटलं, आण्णा खूश होतील. आण्णांनी साफ नकार दिला. सरपंच चिडले. "आठवड्यात हलवा, न्हाई तर पंचायत काढून नेईल," असं सांगून मोकळे झाले. मला म्हणाले, "तू शेजारी हायस ना बे? घाल समजूत."

मी गेलो तेव्हा आण्णा गिरणीवर गेलते. आत खिडकीला लागून खाट होती आणि खाटेवर कौसामावशी, आण्णांच्या कारभारीण. मागच्या साली अंगणात पाय घसरून खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या काही उठल्या नाहीत. एके काळी या बाईच्या ओट्यावर सगळ्या गल्लीच्या बाया बसायच्या. कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस आटली, सगळं आधी तिथं कळायचं. पडल्यावर आठवडाभर रीघ लागली. पुढं कापूस वेचणीला आला आणि ज्याची त्याची कामं सुरू झाली. मीही एकदा बिस्किटपुडा देऊन आलतो, तेवढंच.

"दत्ता, बस रे," मावशी म्हणाल्या. "आज ख्वाजाचं ऐकलंस का?" आणि पडल्या पडल्या त्यांनी ख्वाजाभाईंचा आवाज काढला. हुबेहूब! मग गुरुजींचा, घसा खाकरून. मग दूधवाल्याचा. मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून त्यासुद्धा हसत होत्या.

"तुझाच आवाज मातर मला काढता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू काय बोलतच न्हाईस बाबा. गाडी काढतोस अन जातोस."

मी विषयाला हात घातला. म्हटलं, मावशी, फळा स्टँडवर नेतायत, चांगली जागा आहे.

त्यांचं हसू थांबलं. खिडकीकडं बघत म्हणाल्या, "स्टँडवरचं हितं ऐकू येतंय का?"

तेवढ्यात आण्णा पिठाचा डबा घेऊन आले. आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं, डबा ठेवला आणि मला बाहेर घेऊन गेले.

"तिला बोलणारं माणूस लागतं," आण्णा हळू आवाजात म्हणाले. "मला कुठं बोलाय येतंय? जलमभर 'पुढं सरका' अन 'सुट्टे द्या' एवढंच बोललो. पडली तवा दोघं दिसभर भिंतीकडं बघत बसायचो. तिनं जेवणच सोडलंतं, दत्ता. लई भ्यालो मी."

"म्हणून फळा?"

"आधी बरोबर लिहीत हुतो. मला जे पटलं ते. लोकं वाचायची, मान हलवायची अन जायची. एक दिवस चुकून उलटं लिहिलं, तर समदी थांबली, भांडली. तिनं आतून हाक मारली, 'कोण हो ते, काय म्हणतंय?' दुपारी भाकर मागून खाल्ली तिनं." आण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. "तवापासनं मी उलटंच लिहितो. तुझ्या युरियाचं मनावर घेऊ नगं. पर फळा तेवढा हितंच राहू दे."

मी तसाच सरपंचांकडं गेलो.

"फळा हलवायचा नाही, भाऊ."

"कावून बे? रस्ता अडतो म्हणून तूच बोंबलत आलतास ना?"

"मी मागल्या बोळातून गाडी काढतो. माझी तक्रार संपली." सरपंचांनी मला वेड्यात काढलं, पण पंचायत काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं, 'गुळाच्या चहानं पचन सुधारतं. मत : गुळाचा चहा पिणाऱ्याच्या घरी पोरगी देऊ नये. विदाउट.'

मी उभ्या आयुष्यात गुळाचा चहा प्यालेलो नाही. चांगला की वाईट, मला काही देणंघेणं नाही. पण मी दुकानाचं शटर अर्धं ठेवलं, रस्ता ओलांडून फळ्यापुढं उभा राहिलो आणि घसा साफ करून सुरू केलं, "हे साफ चूक आहे, आण्णा! गुळासारखी चीज नाही!" सवय नसल्यानं आवाज चिरकला. दोन बाया थांबून बघायला लागल्या.

आण्णा दारातून खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि दंडाला धरून मला हळूच वळवत म्हणाले, "खिडकीकडं तोंड करून बोल. तुझा आवाज तिला अजून काढाय जमला न्हाई."