मराठीमुक्त परिसरातलं फुरसं

संगमेश्वर तालुक्यातल्या कातळकोंड गावच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचं काम रेणुका तांबे यांच्याकडे होतं, आणि त्या ते करत होत्या. सरकारी कामात अशी गोष्ट फार काळ लपून राहत नाही.

रेणुकाबाई मूळच्या मंडणगडकडच्या. त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. मुलांना वर्गाबाहेर काढायचं, आवाराभोवतीच्या दगडी गडग्यावर ओळीनं बसवायचं आणि समोर जे दिसेल, घरी जे घडलं असेल ते इंग्रजीत सांगायला लावायचं. सातवीतली शमिका मांडवकर एकदा उठून म्हणाली, "माय काऊ नॉट कम होम. शी इज मॅड." बाई आधी पोटभर हसल्या, मग गाय घरी आली का ते त्यांनी विचारलं, आणि ती पहाटे पऱ्याच्या काठी सापडल्याचं कळल्यावर मग कुठे "नॉट कम"चं काय करायचं त्याकडे वळल्या. मुलं चुकत आणि बोलत. चुकत चुकत त्यांनी बैल, शेजारी, एसटीचा कंडक्टर आणि खुद्द मुख्याध्यापक यांच्याबद्दल इंग्रजीत बरंच काही बोलून ठेवलं होतं.

अशा वेळी वरून 'अस्खलित उच्च प्राथमिक अभियान' आलं.

परिपत्रकात म्हटलं होतं, की सत्रअखेर सर्व विद्यार्थी अस्खलित इंग्रजी बोलू लागतील. न लागल्यास शाळेने कारणे कळवावीत. मात्र कारणे ग्राह्य धरली जाणार नाहीत. पाठोपाठ शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं. देवरूखला एका हॉलमध्ये तज्ज्ञांनी इंग्रजी बोलण्याचं महत्त्व मराठीतून समजावून सांगितलं. प्रशिक्षणामुळे शाळेतले इंग्रजीचे तास बुडाले. ते भरून काढायला मराठीचे तास इंग्रजीला देण्यात आले. मराठीचे तास असे मोकळे झाल्यावर अभियानाचा पुढचा टप्पा सोपा गेला. तो होता 'मराठीमुक्त परिसर'.

मुख्याध्यापक राजेंद्र शिगवण गुरुजी निवृत्तीला टेकलेले. आजवर आलेल्या प्रत्येक अभियानाची त्यांनी निमूटपणे पाठवणी केली होती. त्यांनी व्हरांड्यात मोठा तक्ता लावला. जो मुलगा आवारात मराठी बोलेल त्याच्या नावापुढे लाल ठिपका.

पहिल्या दिवशी तक्ता गोवर आल्यासारखा दिसत होता. आठवडा संपता संपता तो कोरा झाला. मुलांनी यावर उपाय शोधून काढला होता. ती गप्प बसली. मधल्या सुट्टीत आवारात पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागला. खिचडी शिजवणाऱ्या प्रभावतीकाकींनाही नियम लागू होता. त्या डाव उंचावून नुसतं "येस?" म्हणत. "नो" म्हणायची हिंमत नसलेली मुलं खिचडी घेतच राहत. त्यातलाच सहावीतला ओमकार एके दिवशी वर्गात पोट धरून उभा राहिला. 'पोटात दुखताय' हे त्याला इंग्रजीत जुळवता येईना. "माय... माय..." करत तो थांबला, आणि मग त्याने जे सांगायचं होतं ते जमिनीवर सांगून टाकलं. उलटीला भाषा नसल्यामुळे ठिपका पडला नाही.

रेणुकाबाई तडक गुरुजींकडे गेल्या.

"गुरुजी, पोरं बोलायची बंद झालीत."

"चुकायचीही बंद झालीत ना?"

"बोलतच नाहीत तर चुकतील कुठून?"

"मग झालं तर! चुका शून्य. हेच वर कळवतो. आणि बाई," गुरुजींनी आवाज उतरवला, "परिसरात आपण दोघं मराठीत बोलतोय. जरा गडग्यापलीकडे या."

शून्य चुकांची बातमी वर गेली आणि तिथे खळबळ माजली. जिल्ह्यात इतकं शुद्ध इंग्रजी कुठेच नव्हतं. कातळकोंडची शाळा आदर्श ठरली आणि अभियानाचे समन्वयक हर्षद खातू यांचा दौरा जाहीर झाला. त्यांच्यासमोर मुलांनी 'संवाद संच' सादर करायचा होता. संच छापील होता. 'हॉटेलात पास्ता मागवताना', 'लिफ्टमध्ये अनोळखी व्यक्ती भेटल्यास', 'विमानात' असे त्यात धडे होते. गावात येणारं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे एसटी, आणि तीसुद्धा चढावर प्रवाशांना खाली उतरवी. पण गुरुजींनी 'विमानात' हाच धडा निवडला, कारण तो सगळ्यात लहान होता.

शमिका हवाई सुंदरी झाली. प्रवाशाने विचारायचं, "व्हेअर इज माय बॅग?" आणि तिने आसनाखाली हात दाखवून म्हणायचं, "सर, युवर बॅग इज अंडर युवर सीट." या एका वाक्याचा सराव इतके दिवस चालला, की गडग्यावरचा पोपटही ते म्हणेल अशी बाईंना भीती वाटू लागली.

"बाई," गडग्यापलीकडे जाऊन शमिकेनं विचारलं, "पण तिथं बॅग नसलीच तर काय बोलायचं?"

"असेल गो. धड्यात आहे म्हणजे असेल," बाई म्हणाल्या, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःवरच चिडल्या.

खातूसाहेब आले तेव्हा भातकापणी उरकली होती आणि कातळ तापू लागला होता. शाळेची भिंत जुन्या चिऱ्यांची. मध्ये मध्ये भेगा. त्या भेगांतून काय काय ये-जा करतं हे गावाला ठाऊक होतं, पण ते सांगायचं झालं तर मराठीतून सांगावं लागलं असतं. साहेबांसाठी भिंतीला लागून खुर्ची ठेवली होती, तिच्यावर टॉवेल अंथरला होता. नियमाप्रमाणे सगळ्याचं चित्रीकरण करायचं म्हणून गुरुजींनी मोबाइल रेणुकाबाईंच्या हातात दिला.

संवाद सुरू झाला आणि साहेबांना एवढा हुरूप आला, की प्रवासी झालेल्या मुलाला त्यांनी बाजूला बसवलं. "आय विल बी द पॅसेंजर," ते म्हणाले, आणि खुर्चीत ऐसपैस टेकून त्यांनी विचारलं, "व्हेअर इज माय बॅग?"

शमिकेनं पाठ केल्याप्रमाणे खुर्चीखाली हात दाखवला. हात तिथेच थांबला. तोंडही थांबलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मग ती सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाली,

"सर, स्नेक इज अंडर युवर चेअर."

साहेबांनी हातातला संच पाहिला. "बॅग, बेटा. बॅग. अँड सीट. इन एअरप्लेन वुई से सीट."

"नो बॅग, सर. स्नेक."

"फुल सेंटेन्स, प्लीज."

मोबाइल धरलेल्या रेणुकाबाईंना सगळं ऐकू येत होतं. आणि ही गोष्ट त्यांना पुढे फार दिवस छळत राहिली, की त्यांनाही आधी ऐकू आली ती चूकच. वाक्यात 'अ' नाही, 'द' नाही. साहेबांसमोर! लाजेनं त्यांचे कान तापले. ओठांची हालचाल करून त्या शमिकेला खुणावणार, एवढ्यात त्यांची नजर तिच्या पायांवर गेली. अनवाणी पाय एक पाऊल मागे सरकले होते आणि अंगठे फरशीत घट्ट रुतले होते. वर्गात इतकी शांतता होती, की सुकं पान कुणी मुठीत चुरावं तशी खसखस खुर्चीखालून स्पष्ट ऐकू आली. मंडणगडच्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. फुरसं वेटोळं घालून अंगावर अंग घासतं, तेव्हा तो येतो. त्याच्यापुढची पायरी चावण्याची असते.

"साहेब, पाय वर घ्या! फुरसं आहे, फुरसं!"

"तांबे मॅडम, लँग्वेज!" गुरुजी ओरडले.

साहेबांनी वाकून पाहिलं. पुढच्या क्षणी ते टेबलावर होते. "आयायाय गं! मेलो, मेलो!" हे शब्द त्यांच्या तोंडून अत्यंत अस्खलितपणे बाहेर पडले. प्रभावतीकाकी आरडाओरडा ऐकून धावत आल्या. त्यांनी हातातलं पातेलं फुरशावर पालथं घातलं आणि वर चिरा ठेवला. मग देवरूखहून सर्पमित्र आला आणि त्याला डब्यात घालून रानात सोडायला घेऊन गेला.

सर्पमित्र येईपर्यंत साहेब टेबलावरून उतरले नाहीत. तिथूनच ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही मराठीत बोललात."

"तुम्हीपण बोललात, साहेब."

"मी उद्गार काढला. उद्गाराला भाषा नसते."

पुढच्याच आठवड्यात बाईंना नोटीस आली. साप निघाल्याचे निमित्त करून मराठीमुक्त परिसरात मराठीचा वापर का करण्यात आला, आणि मान्यवरांना इंग्रजीतून सावध का करण्यात आले नाही, याचा खुलासा मागवला होता. बाईंनी खुलासा लिहिला: 'मान्यवरांना विद्यार्थिनीने इंग्रजीतूनच सावध केले होते. त्याचा उपयोग झाला नाही. फुरशाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत होते. ते मान्यवरांना माहीत असेल अशी खात्री नव्हती.' खुलासा असमाधानकारक ठरला आणि बाईंची पुन्हा प्रशिक्षणाला रवानगी झाली.

संचात मात्र तातडीने नवा धडा घालण्यात आला. साप दिसल्यास विद्यार्थ्याने हात वर करावा, परवानगी मिळाल्यावर उभे राहावे, अभिवादन करावे आणि म्हणावे, "रिस्पेक्टेड सर, आय विश टु ब्रिंग टु युवर काइंड नोटीस..." सरावासाठी प्रत्येक शाळेला रबरी साप पुरवण्यात आला. मुलं वाक्य पुरं करीपर्यंत त्यालाही कंटाळा येत असावा.

दरम्यान, चित्रीकरण वर पाठवायचा नियम होता म्हणून गुरुजींनी ते पाठवलं होतं. ते वर पोचलं आणि तिथून चहूकडे सांडलं. चिपळूणपासून मुंबईपर्यंत, कातळकोंडच्या ज्या ज्या माणसाकडे मोबाइल होता तिथे शमिका बोलू लागली आणि साहेब टेबलावर चढू लागले. लोक साहेबांना हसतील असं बाईंना वाटलं होतं. लोकांनी शमिकेचं वाक्य तपासायला घेतलं. एकाने लिहिलं, 'सातवीत आर्टिकल येत नाही? काय शिकवतात?' दुसऱ्याने तिथे 'द' हवा होता असं सांगितलं. तिसऱ्याने 'अ' हवा आणि सुरुवात 'देअर इज'ने हवी म्हणून त्याला झापलं. 'अ'वाले आणि 'द'वाले असे दोन तट पडले, एकमेकांच्या शाळा काढण्यात आल्या, मग गावं, मग आयाबहिणी. सगळं भांडण मराठीत झालं.

शमिकेचे वडील अनिल मांडवकर मुंबईत एका कुरिअर कंपनीत कामाला. त्यांचा बाईंना फोन आला.

"बाई, हापिसात सगळे हसतायत ओ. पोरीनं 'द' खाल्लान म्हणून."

"अनिलभाऊ, तिनं त्या माणसाचा जीव वाचवला. स्वतः जुळवलेल्या वाक्यानं. इंग्रजीत!"

"ता खरा. पन चुकीच्या इंग्रजीत ना?"

यावर बाईंना बरीच उत्तरं सुचली, पण फोन ठेवल्यावर तासाभरानं. दिवाळीनंतर शमिकेचं नाव शाळेतून काढण्यात आलं. तिला हायवेजवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं. तिची पिवळी बस गावच्या फाट्यापर्यंत येई. शमिकेच्या मागोमाग आणखीही मुलं गेली. कातळकोंडच्या शाळेची पटसंख्या उतरली, त्यामुळे अस्खलित मुलांची टक्केवारी वाढली, आणि गुरुजींचा निवृत्तीआधी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

एकदा सकाळी फाट्यावर बाईंना शमिका भेटली. गळ्यात टाय, पायांत बूट, शेजारी बसची मावशी.

"काय गो, कशी आहे शाळा?"

शमिकेनं आधी मावशीकडे पाहिलं. "फाइन, थँक यू, मॅम."

"गाय काय म्हणते?"

त्यावर मात्र तिला राहवलं नाही. ती बाईंच्या कानाशी आली. "येली, बाई. पाडी झाली. तिथं वर्गात सांगायचं होतं मला. पण आधी मनात सगळं नीट जुळवायला लागतं, आणि जुळेपर्यंत तास संपतो."

बस आली. ती चढली. बाईंनी शाळेत जाऊन उरलेल्या मुलांकडून रबरी सापाचा सराव करून घेतला.

तो व्हिडिओ अजून फिरतो आहे. त्याखाली लोक अजून लिहितात. साहेबांना साप चावला का, ती पोर घाबरली होती का, असं त्यांतल्या एकानेही अद्याप विचारलेलं नाही. या लोकांना तुम्ही हसाल, जरूर हसा. फक्त शमिकेचं ते वाक्य वर आलं, तेव्हा तुम्हीही ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलंत की नाही, तेवढं आठवून बघा. घेतलं असेल तर बसा निवांत. खुर्चीखाली वाकून बघायला तुम्हाला कुणीही सांगितलेलं नाही. निदान शुद्ध इंग्रजीत तरी नाहीच नाही.