एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात

परब काकू कपडे मोजतात. स्वतःचे नव्हे, लोकांच्या दोऱ्यांवरचे. आणि मोजून झाले की फोन करतात.

"अन्वीची आई ना? तुझ्या दोरीवर आज सात फ्रॉक दिसतायत. एक पोरगी, सात फ्रॉक? दर तासाला बदलते की काय ती?"

हा फोन मला ऑफिसात, साहेबांसमोर बसलेली असताना आला होता. मी "हो हो, बघते" म्हणून ठेवला. साहेबांनी विचारलं, "काही सीरियस?" काय सांगणार, कपाळ?

आम्ही नाहूरला राहायला आलो तेव्हा अन्वी तीन वर्षांची होती. आमची आणि काकूंची स्वयंपाकघरं अगदी समोरासमोर, मध्ये बिल्डिंगचा अरुंद चौक. दोघींच्याही ग्रीलबाहेर कपड्यांच्या दोऱ्या. त्यामुळे माझ्या घरातली कुठलीही गोष्ट, विशेषतः धुतलेली, काकूंपासून लपून राहिली नाही. काकू मूळच्या कणकवलीकडच्या. यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता एकट्याच राहतात, आणि एकट्या बाईला असावा त्यापेक्षा त्यांचा आवाज बराच मोठा आहे.

पहिल्याच महिन्यात त्या आमच्याकडे आल्या आणि कपड्यांच्या ढिगाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आमच्याकडे जुन्या घरातून आणलेली एक खुर्ची होती, तिच्यावर गेल्या वर्षभरात कोणी बसलं नव्हतं. धुतलेले, न धुतलेले आणि एकदाच घातलेले, असे तिन्ही प्रकारचे कपडे तिच्यावर गुण्यागोविंदाने नांदत होते. काकूंनी पदर खोचला.

"पोराला तीन पुरे. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. शाळेचे दोन वेगळे, लग्नाकार्याचा एक. बाकी सगळी हौस आईची."

"काकू, अहो, सांडलं वगैरे तर?"

"सांडलं तर धू. सत्तावीस फ्रॉक आहेत म्हणून तू सत्तावीस दिवस धूत नाहीस, नि मग एकदम वाट लागते तुझी."

हे इतकं खरं होतं की मला रागच आला. पण मी तीनवर आले. आणि कबूल करायला जड जातं, पण आठवड्यात खुर्ची दिसायला लागली. संदीप, म्हणजे माझा नवरा, तिच्यावर बसून चहा प्याला आणि म्हणाला, "आपल्याकडे खुर्ची होती?"

काकूंचा दुसरा नियम तिन्हीसांजेचा. लेकराचे कपडे दिवेलागणीनंतर दोरीवर राहता कामा नयेत. का, ते त्या सांगत नाहीत. "राहू नयेत म्हणजे राहू नयेत." साडेसहा झाले की फोन. "काढ गो कपडे." मी घरात नसले तर संदीपला. संदीप उचलत नसेल तर चौकातून हाक, अशी की तळमजल्यावरच्यांनीही आपले कपडे काढावेत.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. काकूंच्या दोरीकडे माझं लक्ष गेलं ते त्यानंतर.

त्यांच्या दोरीवर रोज एक फ्रॉक असायचा. एक दिवस पिवळा, एक दिवस निळा. लहान मुलीचा. काकूंच्या घरात लहान मूल नव्हतं. आधी वाटलं, कोणी पाहुणं आलं असेल. पण पाहुणं महिनाभर राहिलं, वर्षभर राहिलं, तरी कधी त्याचा आवाज नाही, रडणं नाही, जिन्यात चप्पल नाही. आणि त्या फ्रॉकांवर कधी डागही नाही. आमटीचा नाही, शाईचा नाही, मातीचा नाही. अन्वीचे फ्रॉक धुतल्यावरही तिने काल काय खाल्लं ते सांगतात. हे फ्रॉक रोज धुऊन खांद्यावर विटले होते, पण मळले कधीच नव्हते.

मग दुसऱ्या वर्षी ते मोठे झाले.

रंग बदलले, हिरवा आणि केशरी आले, आणि मापही वाढलं. पुढच्या वर्षी पुन्हा. अन्वी वाढत होती तसे तेही वाढत होते. मी खिडकीत भाजी निवडताना नको तो हिशेब करायचे. एक दोरीवर. दुसरा कपाटात, कारण उद्या तोच बाहेर येतो. तीनच पुरे म्हणणाऱ्या बाईकडे तिसरा असणारच. तो कुणाच्या अंगावर आहे?

संदीपला सांगितलं तर तो हसला. पण दुसऱ्या दिवशी तोही खिडकीत जरा जास्त वेळ उभा होता.

काकू अधूनमधून अन्वीला जवळ घेऊन तिची पाठ वितीने मोजायच्या. दोन विती, चार बोटं. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पोरीला कोणाला मोजू देऊ नकोस." मी कॉमर्स ग्रॅज्युएट बाई. मी म्हटलं, असं काही नसतं. आणि अन्वीला आत बोलावून घेतलं.

गेल्या महिन्यात अन्वी काकूंकडून लाडू खात आली आणि म्हणाली, "आई, काकूंकडे माझ्याएवढी मुलगी आहे."

"कोण गं?"

"दिसत नाही ती. पण तिचे नवीन फ्रॉक मला बरोब्बर होतात. काकूंनी मला तिन्ही घालून बघितले. पाच-पाच मिनिटं. मग म्हणाल्या, आता तिला टोचणार नाहीत."

माझ्या हातातली परात खाली पडली. त्या दिवसापासून मी अन्वीला काकूंकडे पाठवणं बंद केलं. अभ्यास आहे, सर्दी आहे, झोपलीय. काकूंनी एकदाही विचारलं नाही. फक्त माझ्या दोरीवरचे कपडे मोजायचे फोन थांबले, साडेसहाचेही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण साडेसहा वाजले की मीच फोनकडे बघायचे.

आणि परवा साडेसहा वाजून गेले, पावणेसात झाले, चौकात अंधार उतरला, आणि काकूंच्या दोरीवर फ्रॉक तसाच होता.

चार वर्षांत हे कधी झालं नव्हतं. समोर दिवाही नव्हता. सगळ्या इमारतीचे कपडे आत गेले होते आणि तो एकटा फ्रॉक वारा नसताना हलत होता. मला खरंच भीती वाटली, सांगते. पण त्याहून वाईट शंका आली की काकू पडल्या असतील. आमच्याकडे त्यांची किल्ली असते. मी धावले.

दार नुसतं लोटलेलं होतं. काकू अंधारात पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर एक पार्सल. मी दिवा लावला. पार्सलवर पोस्टाचा शेरा होता, या पत्त्यावर राहत नाहीत. पत्ता नागपूरचा.

"गार्गीचं," काकू म्हणाल्या. "माझी नात. तुझ्या अन्वीच्याच वयाची. सून घेऊन गेली ना तिला नागपूरला. माझा मुलगा बोटीवर, तोही धड फोन उचलत नाही, मग सुनेला तरी काय बोलायचं?"

मग त्यांनी सांगितलं, अगदी घरकाम समजावून द्यावं तसं. दरवर्षी तीन फ्रॉक शिवायचे, अन्वीच्या मापाने. कोरं कापड अंगाला टोचतं, म्हणून आधी दुसऱ्या लेकराच्या अंगावरून उतरवून घ्यायचं. एक तिला पाठवायचा. उरलेले दोन इथे.

"पण रोज का धुता, काकू?"

"कपाटात पडून राहिलं की वास लागतो गो. अचानक आली नि वासाचा फ्रॉक घालू तिला?"

मी मान खाली घातली. चार वर्षं मी त्या फ्रॉकांना घाबरत होते.

काकूंनी पार्सलवरून हात फिरवला. "आतापर्यंत परत आलं नव्हतं. म्हणजे मिळत होतं. म्हणजे घालत असेल, असं मी धरून होते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तिच्या अंगावर काय असतं गो?"

मी खिडकीशी गेले आणि दोरीवरचा फ्रॉक काढून आणला. गार पडला होता. मी त्याची घडी घातली.

अन्वी माझ्यामागून आली होती. ती पार्सलकडे बघत म्हणाली, "काकू, हा मी घालू? पाच मिनिटं नाही, उद्यापर्यंत?"

काकूंनी तिचा गाल धरला. "नको गो बाय. तो तिचा आहे." आणि लाडवांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

काल त्यांच्या दोरीवर तीन फ्रॉक होते, ओळीने. साडेसहाला मी फोन लावला.

"काकू, तिन्हीसांजा झाल्या. कपडे काढा."

"किती दिसतायत तुला?"

"तीन."

मग समोरच्या ग्रीलमधून काकूंचा हात बाहेर आला आणि एकेक चिमटा काढू लागला.