बिगरीतले योहानमास्तर

योहानमास्तर कुणाला आम्हा ख्रिस्ती लोकांचा नेहमीचा 'सलाम' करत नसत. भेटल्याबरोबर विचारत, "यत्ता कितवी?"

मिरजगावजवळच्या आमच्या खेड्यातल्या मिशन शाळेतून ते निवृत्त झाले आणि हजेरी घ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी सगळी ख्रिस्ती मंडळीच पटावर घेतली. बाप्तिस्मा झाला की माणूस बिगरीत. जेवणाआधी देवाचे आभार मानले की पहिली. आमटी खारट असतानाही मानले की दुसरी. तिसरीला जीभ आवरणं आणि चौथीला वैऱ्याला क्षमा. देवळात तरटंही तशीच घातलेली, बिगरीचं मागे दाराशी, चौथीचं पुढे. पाळकसाहेब काही बोलत नसत, कारण तेही मास्तरांचेच विद्यार्थी.

दाऊदबुवांनी एकदा अशी लांबलचक प्रार्थना केली, की घरोघरी चुलीवरचं कालवण करपलं. मास्तरांनी त्यांना तिसरीतून थेट पहिलीत बसवलं. लढाईच्या दिवसांत रेशनच्या साखरेसाठी मार्थाबाई रांगेत मध्येच घुसल्या. रविवारी त्या बिगरीत!

"मास्तर, तुमी स्वर्गात गेल्यावर बी हजेरीच घेताल!" त्या कडाडल्या.

"घेणारच. पण तुम्ही तिथं दिसायला हव्यात ना!"

मी त्याच शाळेत शिकवत असे. मार्थाबाईंची ही फजिती मी चार घरी रंगवून सांगितली आणि माझीही तिसरी जाऊन मी बिगरीत आले.

स्वतः मास्तर मात्र नेहमी बिगरीच्या तरटावर, छत्री घेऊन बसत. पेंगणाऱ्याला त्या छत्रीचं टोक बसे, त्यामुळे ते पहारा करायलाच तिथं बसतात असं आम्हाला वाटायचं. एकदा शेजारी बसल्या बसल्या मी चिडून विचारलं, "मास्तर, तुमची यत्ता कितवी हो?"

"बिगरी."

मी हसले. ते हसले नाहीत.

"चौथीत दहा वर्षं नापास होतोय. म्हणून स्वतःच नाव उतरवलं."

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. तिथं त्यांचा धाकटा भाऊ शमुवेल घंटा वाजवत होता. पटावर नाव नसलेला गावातला हा एकटाच ख्रिस्ती. दहा वर्षांपूर्वी मास्तर परीक्षा घ्यायला श्रीगोंद्याला गेले असताना त्यांची बायको अचानक वारली. वैशाखाचं ऊन, थांबणं शक्य नव्हतं. शमुवेलनं माती दिली. मास्तर दुसऱ्या दिवशी पोचले. बायकोचं तोंडही दिसलं नाही, आणि तेव्हापासून ते भावाशी एक शब्द बोलले नव्हते. मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.

पुढच्या पावसाळ्यात शमुवेल हिवतापानं खंगला. एका रविवारी घंटा एकदा वाजली आणि थांबली. बाहेर तो दोराला धरून धापा टाकत उभा होता. मास्तर उठले, छत्री माझ्या हातात दिली आणि बाहेर गेले. त्यांनी भावाच्या हातांवर हात ठेवून दोर धरला.

"हळू वढ, शमू."

"व्हय, दादा."

घंटा वेडीवाकडी वाजली. देवळात मार्थाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

मास्तर आत आले. दाऊदबुवा लगबगीनं पुढे सरकून म्हणाले, "या मास्तर, चौथीत बसा."

"छे! आज नुसता दोर धरलाय," मास्तर म्हणाले, आणि डोळे पुसत पहिलीच्या तरटावर बसले.